बंगालच्या उपसागराला प्लास्टिकचा करार हवा

जिनिव्हातली प्लास्टिक कराराची बोलणी ऑगस्ट २०२५ मध्ये फिसकटली आणि आपल्याकडे जुनंच भांडण नव्या जोमानं सुरू झालं. एक बाजू म्हणते, समुद्रातलं प्लास्टिक आशियाच्या नद्यांतून जातं, तेव्हा आधी स्वतःचं अंगण झाडा. दुसरी बाजू म्हणते, श्रीमंत देशांनी तीस वर्षं आपला कचरा आशियात आणून ओतला, तेव्हा आम्हाला शहाणपण शिकवू नका. आकडे दोघांकडे आहेत, संतापायला कारणही दोघांकडे आहे, आणि या भांडणातून किलोभर प्लास्टिकसुद्धा कमी होत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. प्लास्टिकचा धंदा केव्हाच देशांच्या सीमा ओलांडून गेला. कायदे मात्र देशापुरते, राज्यापुरते, कुठे कुठे तर महापालिकेच्या हद्दीपुरतेच आहेत. जागतिक कराराची वाट बघत न बसता बंगालच्या उपसागराभोवतालच्या शेजारी देशांनी दोन बाबतींत समान नियम करावेत: वेष्टन कसं बनवायचं आणि कचऱ्याचा व्यापार कसा करायचा. किनारा स्वच्छता मोहिमा आणि परिषदांमधले संकल्प यांचा नंबर त्यानंतर.

आधी नद्यांचा मुद्दा. २०१५ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानं २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेल्याचा अंदाज मांडला. चीन, इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम, श्रीलंका असा यादीचा क्रम होता. २०१७ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासातून ‘दहा नद्या’ आल्या, त्यातल्या आठ आशियातल्या. चारच वर्षांनी तिसऱ्या अभ्यासानं सांगितलं की ८० टक्के भार उचलायला दहा नाही, हजारावर नद्या लागतात. पण दहा नद्यांचं वाक्य लहान आणि चटकदार, म्हणून व्हॉट्सॲपवर तेच फिरत राहिलं. हे सगळे आकडे लोकसंख्या आणि न उचललेला कचरा यांच्या गणितातून काढलेले अंदाज आहेत. नदीच्या मुखाशी बसून कोणी हे सगळं प्लास्टिक मोजलेलं नाही. याच चौकटीत आशियावर बोट ठेवणारा २०१५ चा आपला अहवाल ‘ओशन कन्झर्व्हन्सी’ या अमेरिकी संस्थेनं २०२२ मध्ये मागे घेतला आणि माफीही मागितली. एवढं सगळं मान्य केलं तरी मुद्दा पुसला जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासानं पर्यावरणात सुटणारं प्लास्टिक वर्षाला ५ कोटी २० लाख टन धरलं, त्यात भारताचा वाटा ९३ लाख टनांचा, म्हणजे जगात पहिला. अंदाज थोडाफार चुकला असं समजू. पण रस्त्याकडेला धुमसणारे ढीग आकडेवारीच्या चुकीतून आलेले नाहीत ना?

आता दुसरी बाजू. १९९२ पासून जगात जेवढा प्लास्टिक कचरा देशादेशांत विकला गेला, त्यातला सुमारे ४५ टक्के एकट्या चीननं घेतला. १ जानेवारी २०१८ ला चीननं दार लावलं आणि तोच माल मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडे वळला. मलेशियातलं जेन्जारोम हे गाव काही महिन्यांतच बेकायदा प्लास्टिक कारखान्यांसाठी बदनाम झालं. कॅनडातून आलेले ६९ कंटेनर परत पाठवायला फिलिपिन्सला २०१९ उजाडावं लागलं. ते २०१३-१४ पासून तिथे पडून होते. हा अन्याय खराच. पण कंटेनर आपण होऊन बंदरात येत नाही. कोणीतरी तो मागवलेला असतो, त्याचे पैसे घेतलेले किंवा दिलेले असतात, कागदावर काहीतरी लिहिलेलं असतं. मागवणारे आशियातलेच. शिवाय आपल्या गल्लीतल्या नाल्यात जे अडकतं, ते बहुतेक सगळं आपल्याच दुकानातून विकलेलं असतं. पाश्चात्त्यांना शिव्या घातल्यानं तो नाला मोकळा कसा होणार?

दोन्ही बाजू एक साधी गोष्ट सोडून देतात. चीनच्या बंदीनंतर आशियातल्या देशांनी काय केलं ते पाहा. प्रत्येकानं आपापलं दार लावलं, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या अटींवर. भारतानं २०१९ मध्ये आयातबंदी कडक केली. थायलंडची संपूर्ण बंदी १ जानेवारी २०२५ पासून. मलेशियानं १ जुलै २०२५ पासून घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या बाझल कराराच्या फक्त सदस्य देशांकडूनच कचरा घ्यायचं ठरवलं, म्हणजे अमेरिका बाहेर, कारण तिनं तो करार कधी संमतच केला नाही. एकेकट्यानं घेतलेला यातला प्रत्येक निर्णय बरोबर आहे. पण एका दाराला कडी लागली की माल शेजारच्या दाराशी, आणि ज्याची यंत्रणा सगळ्यात दुबळी त्याच्या अंगणात शेवटचा ढीग. ही शर्यत शेजाऱ्यांनी एकमेकांशी लावली, पाठवणाऱ्यांशी लावलीच नाही.

दुसरीकडे काय घडलं होतं? १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको या बंदरगावात इटलीहून आलेली विषारी कचऱ्याची हजारो पिंपं सापडली. एका शेतकऱ्याच्या जागेत, महिना शंभर डॉलरच्या आसपास भाड्यानं, ती ठेवलेली होती. नायजेरियानं राजदूत परत बोलावला, इटलीचं एक जहाज अडकवून ठेवलं आणि माल उचलायला लावला. पण आफ्रिकी देश तिथेच थांबले नाहीत. १९९१ मध्ये बामाको इथे त्यांनी आपसात करार केला: आफ्रिकेबाहेरून घातक कचरा कोणीच घ्यायचा नाही. पॅसिफिकमधल्या बेटांनी १९९५ मध्ये वैगानी करार केला. गरीब, विस्कळीत, आपसात भांडणारे देश होते हे. अंमलबजावणीत भोकं आहेत, ती कोणी नाकारत नाही. पण पाठवणाऱ्याला एकाचं ‘नाही’ टाळून दुसऱ्याचं ‘हो’ शोधता येणार नाही, एवढा पाया त्यांनी घातला. जगातलं निम्म्याहून जास्त प्लास्टिक जिथे तयार होतं, त्या आशियाकडे असा बंधनकारक प्रादेशिक करार नाही.

बंदी घालूनही माल कसा शिरतो, हे पाहायला इंडोनेशियातल्या पूर्व जावात जावं लागतं. तिथल्या कागद कारखान्यांना रद्दी लागते, ती परदेशातून गठ्ठ्यांनी येते. कस्टम्सच्या भाषेत रद्दी कागदाचा क्रमांक ४७०७ आणि प्लास्टिक कचऱ्याचा ३९१५. गठ्ठा येतो ४७०७ म्हणून. फोडला की आत पाण्याच्या बाटल्या, कुरिअरच्या पिशव्या, चॉकलेटचे कागद. कारखान्याला कागद हवा असतो, प्लास्टिक तो आसपासच्या गावांना देऊन टाकतो. बांगुन गावात ते वाळत घालून निवडतात. ज्याला भाव नाही ते त्रोपोदो गावात टोफू बनवणाऱ्या घरगुती कारखान्यांच्या भट्टीत जातं, कारण लाकडापेक्षा ते स्वस्त पडतं. २०१९ मध्ये तिथल्या गावठी कोंबड्यांची अंडी तपासली तेव्हा डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाचं प्रमाण घातक निघालं. आशियात त्याहून जास्त नोंद होती ती फक्त व्हिएतनाममधल्या बिएन होआची, जिथे अमेरिकी लष्करानं युद्धात एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाचा साठा केला होता. आपल्या मुझफ्फरनगरच्या कागद कारखान्यांतल्या रद्दीबद्दलही याच प्रकारच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. जो गठ्ठा एका बंदरात नापास झाला त्याची खबर शेजारच्या बंदराला त्याच दिवशी मिळावी, यासाठी जागतिक करार लागतो का? रद्दीत प्लास्टिकची भेसळ किती टक्के चालेल ही मर्यादा सगळ्यांनी एकच ठेवावी, यासाठी लागतो का?

इथपर्यंत परदेशी कचऱ्याची गोष्ट झाली. खरं मोठं काम आपल्याच वेष्टनाचं आहे, आणि त्यावर बोलायला कोणाला आवडत नाही कारण त्यात भाषण ठोकायला वाव कमी आहे. पाण्याची बाटली घ्या. बाटली पीईटीची, झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं, वरचं लेबल तिसऱ्याच. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या हौदात टाकतात. झाकणाचं प्लास्टिक पाण्याहून हलकं, ते तरंगतं, वरचेवर काढता येतं. पीईटी बुडतं. इथवर छान. पण बाटलीला घट्ट चिकटणारं आवरण पीव्हीसीचं असेल तर तेही पीईटीसारखंच जड असतं आणि त्याच्याबरोबर बुडतं. मग हा चुरा वितळवताना पीव्हीसी जळतं, आम्ल सोडतं, सगळा माल पिवळा पाडतं. हिरव्या-निळ्या बाटलीचंही तसंच: त्यातून पुन्हा पारदर्शक बाटली होत नाही, भंगारवाला कमी भाव देतो आणि वेचणारी बाई ती उचलायच्या भानगडीत पडत नाही. म्हणजे बाटलीचं पुढे काय होणार हे कचराकुंडीपाशी ठरत नाही, ते लेबलचा कागद निवडणाऱ्या टेबलावर ठरून गेलेलं असतं. जपानमधल्या शीतपेय उद्योगानं रंगीत पीईटी २००१ च्या सुमारास आपण होऊन सोडलं. दक्षिण कोरियानं डिसेंबर २०१९ पासून रंगीत पेय-बाटल्या आणि पीव्हीसी वेष्टनावर कायद्यानंच बंदी आणली.

कोरियानं एकट्यानं केलं, मग प्रादेशिक कराराची गरजच काय, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. मोठ्या बाजारपेठेला एकट्यानं करता येतं, भारतालाही येईल. नेपाळ, भूतान, मालदीव किंवा श्रीलंकेला येत नाही. भूताननं प्लास्टिक पिशव्यांवर १९९९ मध्ये बंदी घातली. बांगलादेशानं २००२ मध्ये, आणि पातळ पॉलिथिन पिशव्यांवर देशभर बंदी घालणारा तो जगातल्या पहिल्या देशांपैकी एक. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत पिशव्यांनी गटारं तुंबली होती, म्हणून. तरी ढाक्यात पिशव्या आहेतच. छोट्या देशाच्या दुकानात जो माल येतो त्याचं पाकीट दुसऱ्या देशातल्या कारखान्यात भरलेलं असतं, बरेचदा भारतातल्या. काठमांडूच्या टपरीवर लटकणारे वेफर्सचे, शाम्पूचे, गुटख्याचे पाउच बघा. भारतातल्या कायद्यानं उत्पादकावर आपलं वेष्टन गोळा करायची जबाबदारी टाकली आहे, पण ती भारतीय बाजारात विकलेल्या मालापुरती. पाकीट सीमेपार गेलं की उत्पादकाचे हात झटकलेले. पश्चिमेनं आपल्यावर कचरा लादला म्हणणाऱ्यांनी या पाउचकडे क्षणभर पाहावं.

सगळ्यात वजनदार आक्षेप पुढेच आहे. आशियाई करार कागदावर राहतात, असं म्हणणाऱ्यांकडे भक्कम पुरावा आहे: धुराचा. इंडोनेशियातल्या जंगलांच्या आगींचा धूर सिंगापूर-मलेशियात पसरतो म्हणून आग्नेय आशियाई देशांच्या आसियान या गटानं २००२ मध्ये करार केला. ज्या देशामुळे तो करावा लागला त्या इंडोनेशियानं त्याला मान्यता दिली २०१४ मध्ये. बारा वर्षं! आणि त्यानंतरच्याच वर्षी धुरानं कहर केला. प्लास्टिकबद्दलही आसियाननं जून २०१९ मध्ये बँकॉक जाहीरनामा काढला, २०२१ ते २०२५ चा कृती आराखडा केला. बंधन कशाचंच नाही. मग नवीन करारानं काय वेगळं होणार?

वेगळं होईल, कारण सौदा वेगळ्या जातीचा आहे. धुराच्या करारात सगळा खर्च एका देशाचा आणि सगळा फायदा शेजाऱ्यांचा होता. न मानणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं. व्यापाराच्या नियमात न मानणारा बाजार गमावतो. ओझोन थराच्या माँट्रियल करारात नेमकं हेच केलं होतं: सदस्य नसलेल्या देशांशी त्या रसायनांचा व्यापार बंद. १९८७ मध्ये तो झाला तेव्हा भारत बाहेर होता, आणि त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता: घाण श्रीमंतांनी केली, किंमत आम्ही का द्यायची? १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत गरीब देशांसाठी निधी ठरला, १९९२ मध्ये भारत आत आला. आज प्लास्टिकबाबत आपण पुन्हा तेच वाक्य बोलतोय, पण निधी मागून घेऊन आत शिरण्याची ती हुशारी मात्र विसरलोय.

निधीचं गणित युरोपलाही नीट जमलं असं नाही, पण त्याची एक गोष्ट उपयोगी आहे. ऱ्हाइन नदीत फ्रान्समधल्या पोटॅश खाणी मीठ सोडत आणि खाली हॉलंडमधल्या बागायतदारांचं नुकसान होई. १९७६ मध्ये ऱ्हाइन खोऱ्यातल्या देशांनी करार केला. मीठ टाकायचं थांबवण्याच्या खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा, सुमारे एक तृतीयांश, कोणी उचलला? सोसणाऱ्या हॉलंडनंच. हे न्याय्य आहे का? नाही. शिवाय फ्रान्सनं कराराला संमती द्यायला १९८५ पर्यंत घोळ घातला. प्लास्टिकमध्ये याहून चांगला पर्याय हाताशी आहे, कारण इथे मीठ सोडणारा एक कारखाना नसून दुकानात पैसे घेऊन माल विकणारी कंपनी आहे, आणि तिच्याकडून दर किलो वेष्टनामागे शुल्क घेता येतं. निवडायला सोपं वेष्टन, कमी शुल्क. ज्याचं काहीच होत नाही त्याला जबर. प्लास्टिकचा कच्चा माल म्हणजे दाणा. नव्या दाण्याचा भाव तेल स्वस्त झालं की जुन्या प्लास्टिकपासून केलेल्या दाण्याच्या खाली येतो आणि पुनर्चक्रीकरणाचा धंदा बसतो, त्याला आधार या शुल्काचाच. मात्र ही व्यवस्था प्रमाणपत्रांवर सोडली तर काय होतं ते आपण पाहिलंय: २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्लास्टिक पुनर्चक्रीकरणाची लाखो बनावट प्रमाणपत्रं सापडली. जे प्लास्टिक कधी गोळाच झालं नाही त्याचं श्रेय विकलं गेलं. एका देशात ही गत, तर अनेक देशांत काय होईल? म्हणून शुल्क कारखान्याच्या दाराशी किंवा कस्टम्समध्येच कापावं, प्रमाणपत्रांचा बाजार मांडू नये.

राजकारणाचा आक्षेप उरतो. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर कुलूप. चीन आणि भारत एका टेबलावर बसून बाटलीच्या लेबलचे नियम ठरवतील, हे मलाही दिसत नाही. पण सगळा आशिया एका दमात कशाला हवा? बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांची बिमस्टेक ही संघटना आहे: बांगलादेश, भूतान, भारत, म्यानमार, नेपाळ, श्रीलंका, थायलंड. सचिवालय ढाक्यात, सनद मे २०२४ पासून लागू. म्यानमारमध्ये आज करार पाळणारं सरकार कुठे आहे, हा प्रश्न आहेच. त्याच्यावाचून सहा जण सुरुवात करू शकतात. आणि थायलंडमुळे आसियानकडे जायचा पूलही तयार आहे.

सहकार्य नसल्याची किंमत आपल्या भोवतालच्या समुद्रानं नुकतीच मोजली आहे. मे २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्ल या जहाजावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होतं. तो उतरवून घ्यावा म्हणून जहाजानं आधी कतारच्या हमाद आणि मग आपल्या गुजरातमधल्या हजिरा बंदराला विनंती केली. दोन्हीकडे नकार. जहाज तसंच कोलंबोला पोचलं, किनाऱ्याजवळ पेटलं आणि बुडालं. १,६८० टनांच्या आसपास प्लास्टिक दाणा समुद्रात गेला. मसुराएवढे पांढरे मणी, पश्चिम किनाऱ्यावर कुठे कुठे घोट्यापर्यंत. वाळू चाळणीनं चाळून लोकांनी ते काढले आणि पुढची भरती आली की पुन्हा तेवढेच. जुलै २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एक अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला, तोवर चार वर्षं उलटली होती. दरम्यान, मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं आणि तोच दाणा केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर आला. गळका कंटेनर जवळच्या सक्षम बंदरानं उतरवून घ्यायचा, खर्च जहाज कंपनीच्या विम्याकडून वसूल करायचा, आणि दाण्याचे कंटेनर डेकच्या खाली ठेवायचे: एवढ्या तीन कलमांसाठी जिनिव्हाला जायची गरज नव्हती.

पर्यावरणवाद्यांचा एक आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. ते म्हणतात, पुनर्चक्रीकरण ही कंपन्यांची पळवाट आहे. आधी उत्पादन कमी करा. २०१५ पर्यंत जगात झालेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला होता, तेव्हा त्यांचं चूक कसं म्हणणार? पण उत्पादनावरच्या मर्यादेला भारताचा विरोध आहे, सौदी अरेबिया आणि कुवेतही त्याच बाजूला आहेत, आणि नवे पेट्रोकेमिकल कारखाने उभे राहताहेत. तो दरवाजा आज ढकलून उघडत नाही. वेष्टनाचा कडक नियम मात्र मागच्या दारानं तेच काम करतो: ज्या वस्तूचं पुढे काही होत नाही ती बाजारात येऊच दिली नाही, तर तेवढं प्लास्टिक बनणारच नाही. भारतानं १ जुलै २०२२ ला ज्या १९ वस्तूंवर बंदी घातली त्यात कानकोरण्या, स्ट्रॉ, फुग्याच्या काड्या होत्या. पाउच नव्हता. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेला तो इवलासा तुकडा कोणी वेचत नाही, कारण पोतंभर गोळा केले तरी त्याला गिऱ्हाईक नाही. ज्यांचं पोट निवडण्यावर आहे त्या बायकांपेक्षा याची परीक्षा चांगली कोण करेल?

म्हणून करार होईल की नाही, झालाच तर त्यात दम असेल की नाही, हे पाउचवर ठरेल. पारदर्शक बाटली आणि पीव्हीसी लेबलवर सहा देशांची सही वर्षभरात होऊ शकते. उद्योगाला त्यात फारसा तोटा नाही. कस्टम्सनी एकमेकांना नापास गठ्ठ्यांची खबर देणं त्याहून सोपं. पाउचपाशी आलं की भारतीय कंपन्या गरीब ग्राहकाचं नाव पुढे करतील, आणि एक रुपयाचा शाम्पू बंद झाला तर गरिबाला खरंच झळ बसेल, हे खोटं नाही. मोठ्या डब्यातून सुटा माल मोजून देणारी दुकानं, एकाच प्लास्टिकचा पाउच, किंवा पाच वर्षांत पायरीपायरीनं वाढणारं शुल्क, यांपैकी काय करायचं यावर घासाघीस व्हायलाच हवी. ती घासाघीस ढाक्यात व्हावी, आणि तिथे कोणत्या सुधारणेला कोण आडवं आलं याची नोंद सगळ्यांसमोर राहावी. नेपाळ आणि श्रीलंका तिथे भारताला तोच प्रश्न विचारतील जो आपण तीस वर्षं युरोपला विचारतोय.